माइल हाय फ्लड डिस्ट्रिक्ट

माइल हाय फ्लड डिस्ट्रिक्ट (कायद्यातील नाव: अर्बन ड्रेनेज अँड फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्ट) ही अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील डेन्व्हर महानगर प्रदेशात पर्जन्यजलाचा निचरा आणि पूरनियंत्रण यांचे काम पाहणारी सार्वजनिक संस्था आहे. कॉलोराडोच्या विधिमंडळाने १९६९ साली स्वतंत्र कायदा करून तिची स्थापना केली. तिचे कार्यक्षेत्र सुमारे १,६०८ चौरस मैल (४,१६० चौ. किमी) असून त्यात डेन्व्हर शहर व त्याभोवतीच्या काउंट्यांचे नागरी भाग येतात. या क्षेत्रात सुमारे ३० लाख लोक राहतात. नावातील 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाचा अर्थ भारतातील महसुली जिल्ह्यासारखा नाही. एकाच विशिष्ट कामासाठी स्थापन झालेल्या आणि त्यासाठी कर आकारण्याचा अधिकार असलेल्या शासकीय घटकाला अमेरिकेत ही संज्ञा लावतात.

पार्श्वभूमी

डेन्व्हर हे साउथ प्लॅट नदी आणि तिला मिळणाऱ्या चेरी क्रीकच्या संगमावर वसलेले शहर आहे. चेरी क्रीकवर १९५० साली धरण पूर्ण झाले. मात्र साउथ प्लॅटचा शहराच्या वरच्या बाजूचा प्रवाह मोकळाच राहिला. १६ जून १९६५ रोजी शहराच्या दक्षिणेकडील प्लम क्रीकच्या खोऱ्यात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. एरवी जेमतेम वाहणाऱ्या या ओढ्याचा कमाल विसर्ग सुमारे १,५४,००० क्युसेकवर गेला. डेन्व्हर शहरात नदीचा विसर्ग ४०,३०० क्युसेक नोंदवला गेला. अनेक पूल वाहून गेले, नदीकाठची औद्योगिक वसाहत पाण्याखाली गेली आणि साउथ प्लॅटच्या खोऱ्यातील एकूण नुकसान ५० कोटी डॉलरच्या पुढे गेले. चेरी क्रीकच्या धरणाने मात्र आपल्या बाजूचे पाणी अडवून धरले.

मोठ्या नदीवरील उपाय केंद्र शासनाच्या हाती होता. लष्कराच्या अभियंता विभागाने चॅटफील्ड धरण १९७५ साली पूर्ण केले. महानगरातील शेकडो लहान ओढ्यांचा प्रश्न यामुळे सुटणारा नव्हता. एकेक ओढा दोन-तीन नगरपालिकांच्या हद्दी ओलांडून वाहत असे. वरच्या गावात घरे, रस्ते आणि वाहनतळ झाले की जमिनीत मुरणारे पाणी ओढ्यात उतरे आणि पूर खालच्या गावात येई. बांधकामातून मिळणारा महसूल एका नगरपालिकेला, तर पुराचा खर्च दुसरीला, अशी ही विषम स्थिती होती. खालच्या गावाला वरच्या गावावर कोणतीही सक्ती करता येत नसे, आणि वरच्या गावातील करदात्यांनी दुसऱ्याच्या पुरासाठी पैसे का द्यावेत, या प्रश्नालाही उत्तर नव्हते. संस्थेची स्थापना या अडचणीतून झाली.

रचना

संस्थेचा कारभार २३ सदस्यांचे मंडळ पाहते. त्यांपैकी २१ सदस्य महापौर, नगरसेवक, काउंटी आयुक्त अशा स्थानिक पदांवर निवडून आलेले लोकप्रतिनिधी असतात. उरलेले दोन सदस्य नोंदणीकृत अभियंते असून त्यांची निवड मंडळ करते. संस्थेसाठी वेगळी निवडणूक होत नाही.

खर्चाची वाटणी

संस्थेचे उत्पन्न प्रामुख्याने मालमत्ता करातून येते. हा कर 'मिल' या एककात मोजतात; एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. विधिमंडळाने हा अधिकार एकाच वेळी दिला नाही. प्रारंभी नियोजन व प्रशासनासाठी केवळ ०.१ मिल होते. १९७३ साली बांधकामासाठी ०.४ मिल आणि १९७९ साली देखभालीसाठी आणखी ०.४ मिल मिळाले. पुढे साउथ प्लॅट नदीच्या कामांसाठी ०.१ मिलची भर पडली. आराखडे आधी, बांधकाम नंतर आणि देखभाल सर्वांत शेवटी, हा क्रम त्यामुळे निधीतच ठरून गेला.

एखाद्या ओढ्याचा बृहत् आराखडा संस्था स्वतःहून लादत नाही. त्यासाठी स्थानिक शासनांकडून मागणी यावी लागते आणि प्रश्न एकाहून अधिक हद्दींशी निगडित असावा लागतो. या अटी पूर्ण झाल्या की संस्था खर्चाचा निम्म्यापर्यंत भाग उचलते. समजा, तीन गावांतून वाहणाऱ्या ओढ्याच्या कामाला १० लाख डॉलर लागणार आहेत. संस्था त्यांपैकी ५ लाख देऊ शकते. उरलेले ५ लाख कसे वाटून घ्यायचे, हे तिन्ही गावे आपसांत करार करून ठरवतात. बांधकामाला मात्र निधी तेव्हाच मिळतो, जेव्हा ते मान्य आराखड्याशी सुसंगत असते. आराखड्यावर एकमत झाले नाही, तर निम्म्या खर्चाची सवलतही जाते. सक्तीचा अधिकार न वापरता संस्थेला सहकार्य मिळते ते मुख्यतः याच अटीमुळे.

पूर्ण झालेल्या कामाची मालकी आणि देखभालीची प्राथमिक जबाबदारी स्थानिक शासनाकडेच राहते. गवत कापणे, कचरा काढणे, ढासळलेले काठ सावरणे अशा कामांत संस्था साहाय्य करते. विकासकाने बांधलेल्या सुविधांनाही हे साहाय्य मिळू शकते. परंतु त्यासाठी त्यांची रचना संस्थेच्या निकषांनुसार झालेली असावी लागते. घरांच्या नव्या वसाहतींवर अप्रत्यक्ष नियंत्रण ठेवण्याचे हे साधन आहे.

प्रत्येक काउंटीतून जितका कर येतो, त्या प्रमाणात बांधकाम व देखभालीचा निधी कालांतराने त्याच काउंटीत खर्च व्हावा, असे मंडळाचे धोरण आहे. पाण्याच्या दृष्टीने हा नियम तर्कशुद्ध म्हणता येत नाही, कारण पूर काउंटीच्या सीमा पाळत नाही. तथापि, आपला पैसा दुसरीकडे जात असल्याची तक्रार त्यामुळे टळते. 'दर वर्षी' न म्हणता 'कालांतराने' म्हटल्यामुळे मोठ्या कामासाठी एखाद्या वर्षी अधिक खर्च करण्यासही वाव राहतो.

पूरमैदानांचे नियोजन

संस्थेच्या कामाचा दुसरा भाग प्रतिबंधात्मक आहे. कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला पूर, म्हणजेच रूढ भाषेत 'शंभर वर्षांचा पूर', किती भागात पसरेल हे नकाशांवर आखले जाते. त्याआधारे बांधकामाचे नियम लागू करण्याचे काम स्थानिक शासने करतात. ओढ्याला सिमेंटच्या नालीत बंदिस्त करण्याऐवजी त्याचे पूरमैदान मोकळे ठेवणे स्वस्त पडते, हा यामागील विचार आहे. बोल्डर येथे अनेक वर्षे अध्यापन करणारे भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी या विचाराचा दीर्घकाळ पुरस्कार केला होता.

३१ जुलै १९७६ रोजी बिग थॉम्प्सन नदीच्या अरुंद दरीत आलेल्या पुरात सुमारे १४० माणसे दगावली. ही दरी संस्थेच्या क्षेत्राबाहेर असली, तरी या घटनेनंतर संस्थेने पर्जन्यमापकांचे जाळे आणि आकस्मिक पुराचा पूर्वअंदाज या कामांकडे लक्ष वळवले.

करमर्यादा आणि नामांतर

कॉलोराडोच्या मतदारांनी १९९२ साली करवाढीवर मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती स्वीकारली. तिच्यामुळे मालमत्तांचे मूल्य वाढत गेले, तसतसा संस्थेला कराचा दर खाली आणावा लागला आणि कायद्याने मान्य असलेल्या एका मिलपैकी प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच दर उरला. त्याच काळात शहर पसरत होते आणि देखभाल करावयाच्या ओढ्यांची लांबीही वाढत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी पूर्ण दर पुन्हा लागू करण्यास संमती दिली. समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर असल्याने डेन्व्हरला 'माइल हाय सिटी' म्हणतात. त्यावरून २०१९ साली संस्थेने सध्याचे नाव वापरण्यास प्रारंभ केला.