धुळपाटीपासून संगणकापर्यंत

शिक्षणाचा इतिहास लिहितांना आपण बहुधा विद्वानांचीं नांवें, सरकारी ठराव आणि कायदे यांची मोजदाद करतों. मुलाच्या हातांत प्रत्यक्ष कोणतें साधन होतें, तें कोणीं पाठविलें आणि तें मोडल्यावर कोणीं नीट केलें, ही चौकशी क्वचितच होते. वास्तविक शाळेच्या बऱ्यावाइटाचा निर्णय पुष्कळदां याच तीन प्रश्नांवर होत असतो. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत राहणाऱ्या माणसास तर हे प्रश्न टाळतांच येत नाहींत. कारण १९४८ पर्यंत या तालुक्याची पश्चिम व दक्षिण शीव हीच दोन राज्यांची शीव होती. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजी अमलांतील नगर जिल्हा. भाषा एक, बोली एक, सोयरीक एक. परंतु शाळा मात्र दोन प्रकारच्या.

जुनी पंतोजीची शाळा उभयपक्षीं सारखीच होती. लांकडी पाटीवर विटकरीची धूळ पसरावी, तीवर अक्षर काढावें, पुसावें, पुन्हां काढावें. पुढें बोरू व शाई हातीं यावी. मोडी वळण, उजळणी, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे एवढा तिचा विस्तार. या शाळेस कोणी हिणवीत असेल तर त्यानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तिचें प्रत्येक साधन गांवांतलें होतें आणि तें बिघडल्यास गांवांतच नीट होई. पाटी फुटली तर सुतार होता, बोरू मोडला तर दुसरा तासतां येई. तिचें न्यून निराळें होतें. पुस्तक नव्हतें, आणि म्हणून पंतोजीच्या ज्ञानाची सीमा हीच शिष्याच्या ज्ञानाची सीमा ठरे.

ही सीमा मोडण्याचा पहिला योजनाबद्ध यत्न मुंबईंत झाला. १८२२ सालीं तेथें शाळा व शाळापुस्तकें यांकरितां एक मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचे कार्यवाह कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं शास्त्रीपंडितांच्या साह्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं, आणि शिळाछापामुळें तीं शाळांच्या हातीं पडूं लागलीं. शिळाछाप हें त्या काळचें नवें यंत्रच होतें. पण जर्व्हिस यांची खरी दूरदृष्टि यंत्रांत नव्हती. नुसतीं पुस्तकें बैलगाडींत घालून त्यांनीं जिल्ह्यांस धाडलीं नाहींत. आधीं २४ शिक्षक तयार केले, आणि १८२६ सालीं ते गुजराथ, दक्षिण व कोंकण या प्रांतीं पाठविले. साधन आणि तें वापरणारा माणूस यांची सांगड प्रथमच घातली गेली. पुढें बाळशास्त्री जांभेकरांनीं याच धोरणाचा तिसरा धागा हातीं घेतला. शिक्षक तयार करणें आणि शाळा तपासणें हीं दोन्ही कामें त्यांच्याकडे आलीं. १८४६ सालीं अकालीं मृत्यु आला नसता तर हें काम त्यांच्या हातून कितीतरी पुढें गेलें असतें.

१८५५ सालीं मुंबई इलाख्यांत विद्याखातें उभें राहिलें. तरी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न उरलाच होता. १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली, आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठीं राखला गेला. कुणब्याच्या रोषास ती पात्र झाली असेल. पण खेड्यांतील पाटी, पुस्तक व मास्तर यांस कायमचें उत्पन्न तिनेंच दिलें, हें नाकारतां येत नाहीं.

आष्टीच्या बाजूस ही घडी बसली नाहीं. हैदराबाद संस्थानानें शिक्षणाची मोठी योजना आंखलीच नाहीं, असें कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. १९१८ सालीं देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारें उस्मानिया विद्यापीठ त्यानेंच काढलें. परंतु ती देशी भाषा उर्दू होती, आणि मराठी मुलाची वाट प्राथमिक इयत्तांच्या पुढें अवघड होई. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी लागे. अशा स्थितींत स्वामी रामानंद तीर्थांनीं हिप्परग्यास आणि १९३५ पासून मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, जें शिक्षणकार्य केलें, तें साधनांच्या नव्हे तर माणसांच्या बळावर केलें.

राज्यें गेलीं, शीव पुसली. १ मे १९६२ पासून दोन्ही बाजूंच्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांच्या हातीं आल्या. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं नगराहून आष्टीस आगगाडीही आली. आतां नवें साधन संगणक. २००४ सालीं शाळांतून संगणक बसविण्याची केंद्र सरकारची योजना निघाली. ठेकेदारानें यंत्रें बसवावीं, पांच वर्षें चालवावीं, मग शाळेच्या स्वाधीन करावीं, अशी पद्धति पुष्कळ ठिकाणीं पडली. पांच वर्षें संपल्यावर शिकविणारा जातो, दुरुस्त करणारा जातो, आणि उरतें तें यंत्र. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत मला संगणकांची खोली मोठ्या अभिमानानें दाखविण्यांत आली. कुलूप उघडावयासच पाव तास लागला! आंत दहा यंत्रें पिशव्या पांघरून बसलेलीं होतीं. वीज तोडलेली होती. गुरुजी सज्जन होते, ते म्हणाले, “साहेब, मोडलें तर भरून कोण देणार?” या एका प्रश्नांत आमच्या साऱ्या नियोजनावरील टीका आली.

याच्या उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यांत आहे. माढे तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं छापील पुस्तकांतच क्यूआर कोड घातले. पालकाच्या भ्रमणध्वनीवर तो धरावा आणि पाठ ऐकावा, पाहावा. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं इतर नऊ स्पर्धकांस वाटली. ही कल्पना पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आली. तिचें मर्म काय? साधन घरांत आधींच होतें. शिक्षकानें त्यास पुस्तकाशीं जोडलें.

आष्टीस या मर्माची विशेष गरज आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीस निघतात, आणि बैलगाडीवर वा ट्रकवर मुलेंही जातात. हंगामी वसतिगृहांत जीं राहतात तीं सुदैवी. जें मूल पांच-सहा महिने कारखान्याच्या तळावर काढतें, त्यास कुलुपांतल्या यंत्राचा काय उपयोग? जिल्ह्याची योजना आंखणारानें कोणतें यंत्र घ्यावें हा प्रश्न शेवटीं विचारावा. मूल कोठें आहे, शिकविणारा कोण, दुरुस्तीचा पैसा कोणत्या सदराखालीं, हे प्रश्न आधीं विचारावे. १८२६ चे ते २४ शिक्षक हेंच सांगून गेले आहेत. पंतोजीची पाटी धुळीची होती खरी. पण ती रोज वापरली जात होती.