वेठ आणि छंद : एका तबकडी-संग्रहाच्या निमित्ताने

माझे चुलते मुंबईच्या गोदीत हमाली करून निवृत्त झाले आणि लांज्याजवळच्या आमच्या बौद्धवाडीत परत आले. एसटीच्या टपावरून त्यांचे सामान उतरवले, तेव्हा त्यात चावीचा ग्रामोफोन, पत्र्याची एक जड ट्रंक आणि चादरीत गुंडाळलेली गिटार होती. वाडीतल्या माणसांना वाटले, ट्रंकेत भांडी असतील. आत तबकड्या निघाल्या. नाना गेल्यावर ती ट्रंक माझ्याकडे आली. मी मोजल्या तेव्हा एकंदर ६३ भरल्या. त्यांतल्या ४१ जाझच्या होत्या. उरलेल्यांत काही सिनेमाची गाणी आणि काही भीमगीते होती.

चौथीपर्यंत शिकलेला, इंग्रजी अक्षर न वाचता येणारा, गावकुसाबाहेर जन्मलेला माणूस जाझच्या तबकड्या जमवतो, या गोष्टीला हसणारे पुष्कळ होते. हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा मी मुंबईत कॉलेजात होतो. आमच्या चर्चेत 'छंद' हा शब्द भरल्या पोटाच्या लोकांचा होता. मी एकदा नानांना म्हणालो, "नाना, हा साहेबाचा नाद सोडा आता." नाना काही बोलले नाहीत. त्यांनी ट्रंकेचे झाकण उघडून दाखवले. आतल्या बाजूला १९६४ साली लुई आर्मस्ट्राँग भारतात आला होता, त्या वेळचा वर्तमानपत्रातला फोटो खळीने चिकटवलेला होता. नाना म्हणाले, "तोंडाचा रंग बघ, आणि मग साहेबाचा म्हण."

त्या उत्तराचा अर्थ समजायला मला बरीच वर्षे लागली. हा लेख त्या अर्थाविषयी आहे.

प्रथम तबकडी म्हणजे काय ते पाहू. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी ही मुख्यतः लाख, दगडाची पूड आणि काजळी यांची बनलेली असे. लाख हा झाडाच्या फांदीवर कीटक जमवतात तो राळेसारखा पदार्थ. जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग भारतातून जाई आणि छोटा नागपूरच्या जंगलात ती गोळा करणारे हात प्रामुख्याने आदिवासींचे होते. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडखळला, तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारला तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर निर्बंध घालावे लागले. म्हणजे न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या तबकडीत आपल्या जंगलातले श्रम वितळलेले होते. ज्याने लाख खरवडली त्याला ते संगीत ऐकायला मिळाले नाही. कोलकत्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १९२८ पासून तबकड्या निघत होत्या. इतर देशांत ७८ फेऱ्यांचा जमाना संपत आला, तरी आपल्याकडे साठच्या दशकात त्या निघतच होत्या, कारण चावीच्या यंत्राला वीज लागत नाही आणि वीज नसलेली घरे आपल्याकडे अगणित होती. आमचे घर त्यांपैकीच एक.

आता जाझ. हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या न्यू ऑर्लिन्स शहरात, गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या मुलानातवंडांनी घडवले. आर्मस्ट्राँग तिथलाच, १९०१ सालचा, पोरपणी सुधारगृहात कॉर्नेट शिकलेला. मुंबईत हे संगीत गोऱ्यांच्या आणि श्रीमंतांच्या नाचासाठी आले. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड पुढे १९४५ साली कोलकत्यात वारला. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली या काळाचा इतिहास इंग्रजीत लिहिला आहे. तो जिज्ञासूंनी अवश्य वाचावा.

आपण १९३५ हे साल दुसऱ्या कारणाने लक्षात ठेवतो. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. एका बाजूला अमेरिकेतल्या अस्पृश्यांची लेकरे अपोलो बंदरावरच्या हॉटेलात वाजवत होती आणि दुसऱ्या बाजूला इथले अस्पृश्य येवल्यात आपला निर्णय ऐकत होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आला नाही. संबंध यावा अशी व्यवस्थाच नव्हती.

ताजचे संगीत आमच्या चाळीपर्यंत आले ते गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. पोट भरायला ती मुले मुंबईला येत, हॉटेलांत वाजवीत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरत. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवी. तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. १९५१ सालच्या 'अलबेला'त त्याचे वादन आहे, आणि त्या चित्रपटाचे नायक भगवान पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र. नानांनी 'अलबेला' किती वेळा पाहिला याचा हिशेब त्यांना स्वतःलाही नव्हता. "पडद्यावर गाणं चालू असलं की मी मागच्या पिपाणीकडं कान लावून बसायचो," असे ते सांगत.

तिथून संग्रहाला सुरुवात झाली. नाना माझगावच्या चाळीत राहात. चोरबाजार पायी जाण्याच्या अंतरावर होता. स्वातंत्र्यानंतर भायखळा-नागपाड्याची ज्यू आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे देश सोडून जात होती आणि त्यांच्या घरातल्या तबकड्या मटन स्ट्रीटवर ढिगाने येत होत्या. नाना लेबल वाचू शकत नसत. कुत्र्याचे चित्र, स्वरचिन्हांची जोडी, लेबलाचा रंग, नावाच्या पहिल्या अक्षराचा आकार यांवरून ते तबकडी ओळखत. दुकानदाराकडे यंत्र असे. अर्धी बाजू वाजवून घेत आणि पटली तर पगाराच्या दिवशी नेत. दर वाजवण्याला सुई बदलायची असते, नाहीतर खाच झिजते. बिडीचे पैसे सुयांत जातात म्हणून काकू कुरकुरत. गिटारही त्याच बाजारातली, जुनी, मानेवर तडा गेलेली. ओव्हरटाइमच्या पैशातून त्यांनी ती घेतली आणि एका गोवेकर शेजाऱ्याकडून जेमतेम पाचसहा सूर शिकले. त्यांना चांगली वाजवता कधीच आली नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. साल १९५८, महिना शिमग्याचा. मी सात वर्षांचा होतो. नाना रजा काढून गावी आले होते आणि गिटार बरोबर आणली होती. दोन वर्षांपूर्वी नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. आमच्या वाडीने गावकीची कामे सोडायचे ठरवले होते. मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचवणे आणि पालखीपुढे ढोल वाजवणे, ही तीन कामे आमच्या वाडीकडे होती. इतर गावांत हे वाटप वेगळे असेल. संध्याकाळी नाना अंगणात गिटार छेडीत बसले होते. गावातला एक मानकरी वाटेने जाता जाता थांबला. अंगणात पाऊल न टाकता म्हणाला,

"काय रे, ह्ये तुणतुणं वाजवायला तुला येळ हाय, न् पालकीम्होरं ढोल वाजवायला नाय?"

नाना उठून उभे राहिले. म्हणाले, "ढोल तुम्ही वाजवायला सांगता. ह्ये मी माझ्या मनानं वाजवतो."

एवढेच बोलणे झाले. त्यानंतर पंधरा दिवस वाडीला दुकानातून मीठ-मिरची मिळाली नाही. बायका डोक्यावर ओझे घेऊन दुसऱ्या गावाहून बाजार आणीत होत्या. माझ्या आईने नानांना तेव्हा शिव्या दिल्या. पुढे तीच आई हा प्रसंग अभिमानाने सांगू लागली.

त्या दोन वाक्यांत जे आहे, ते मला आमच्या सांस्कृतिक चर्चेत फारसे कुठे आढळले नाही. आपल्या गावगाड्यात आवाजसुद्धा जातीने वाटून दिलेला होता. कोणी वाजवायचे, कोणी गायचे, कोणी ओट्यावर बसून ऐकायचे, हे जन्माने ठरे. कातडे विटाळाचे, ते कमावणारा विटाळाचा, पण त्याचा नाद मात्र देवाला चालतो! वाजवणाऱ्याने देवळाच्या पायरीखाली उभे राहायचे आणि नादाने गाभाऱ्यात जायचे. यालाच 'मान' असे गोंडस नाव होते. मान नाकारता येतो. हा नाकारला तर मीठ बंद होई. जे नाकारता येत नाही त्याला मराठीत वेठ म्हणतात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते या वेठीच्या मुळावरच घाव घालण्यासाठी. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

आता अमेरिकेकडे पाहा. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात गुलामांनी बंड केले. बंडवाले ढोल वाजवीत निघाले होते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायला बंदी केली. तिथल्या मालकाने ढोल हिसकावून घेतला, इथल्या मालकाने तो गळ्यात अडकवला. म्हणून तिथे वाद्य हातात घेणे हा विद्रोह झाला आणि इथे वाद्य खाली ठेवणे हा विद्रोह झाला. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय कृष्णवर्णीयांच्या संगीताशी आपली तुलना करता येणार नाही. आमच्या बापजाद्यांनी ढोल खाली ठेवला, तो योग्यच ठेवला. पण खाली ठेवलेल्या हातांनी पुढे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. नानांनी गिटार घेतली. गिटार वाजवण्याचे काम कोणत्याही जातीच्या वाट्याला लावलेले नव्हते. कोणत्याही पालखीपुढे तिची गरज नव्हती.

गिटारीचा जाझमधला इतिहासही आपल्याला जवळचा आहे. जँगो राइनहार्ट हा युरोपातला रोमा, तांड्यावर वाढलेला. १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या बोटांनी त्याने वादनाची नवी रीत बसवली. रोमांची भाषा मूळची भारतीय, हे भाषाशास्त्र सांगते. आपल्या भटक्या-विमुक्तांसारखेच तेही गावोगाव हाकलले गेले आणि हिटलरच्या राजवटीत लाखांनी मारले गेले. नानांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांच्या ट्रंकेत जँगोची एक तबकडी आहे, कडेला टवका गेलेली.

आम्ही पँथरच्या काळात अमेरिकेकडून नाव घेतले आणि साहित्य घेतले. त्यांचे संगीत मात्र घेतले नाही. ते आम्हाला करमणूक वाटले. वास्तविक बिली हॉलिडेने १९३९ साली झुंडीने झाडाला टांगलेल्या माणसांवरचे गाणे गायले, तेव्हा तिच्या बड्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला आणि एका छोट्या कंपनीने ते काढले. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवले गेले, तेव्हा आर्मस्ट्राँगने आपल्या सरकारवर उघड टीका केली आणि सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा नाकारला. त्याचा फोटो झाकणाला चिकटवणारा गोदी कामगार आणि 'निग्रो साहित्य' वाचणारा मी, यांत अधिक जाणता कोण होता?

१९७८ साली मुंबईत पहिली जाझ यात्रा भरली. सनी रोलिन्स आला होता. नानांना न्यावे असे माझ्या मनातही आले नाही. तो वरच्या थरातल्या लोकांचा उत्सव, अशी माझी समजूत होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्याच वर्षी जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. अशा वर्षात तबकड्यांचा विचार कोण करणार? तरीही सांगतो, मला आज त्याची खंत वाटते. आग विझवण्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसालाही गाणे ऐकण्याचा हक्क असतो. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ते व्हायोलिन पुण्याच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात आहे. ग्रंथांसाठी 'राजगृह' बांधणाऱ्या त्या माणसाला वेळ कमी होता, हे कोण म्हणणार नाही? तरी त्यांनी वाद्य हातात घेतले. आपण त्यांच्या चित्रात पुस्तक काढतो, संविधान काढतो, व्हायोलिन काढत नाही.

या संग्रहाची एक उणीवही नोंदवली पाहिजे. नानांच्या ट्रंकेत न्यू ऑर्लिन्स आहे, पण भीमराव कर्डकांच्या जलशाची एकही तबकडी नाही. अमेरिकेत १९३३ साली जॉन लोमॅक्स सरकारी ग्रंथालयासाठी यंत्र घेऊन लुइझियानाच्या तुरुंगात गेला आणि कैद्यांची गाणी मुद्रित करून आला. आमचे जलसे शेकडो वाड्यांत झाले, पण ते उरले मुख्यतः माणसांच्या स्मरणात आणि वह्यांत. ती माणसे आता राहिलेली नाहीत. मुंबईचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले, तेव्हा हळहळ व्यक्त करणारे लेख पुष्कळ आले. वाडीतली एखादी म्हातारी गेली की तिच्याबरोबर पन्नास गाणी जातात, त्यावर कोणी लेख लिहीत नाही.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. आपापल्या वाडीतल्या ट्रंका उघडा. तबकड्या, गाण्यांच्या वह्या, मंडळांच्या जुन्या पत्रिका, मोडकी बाजाची पेटी, जे असेल ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याची यादी करा. कोणी, केव्हा, कोणत्या पगारातून घेतले ते लिहून ठेवा. म्हाताऱ्यांचा आवाज आज खिशातल्या फोनवरही मुद्रित होतो. लोमॅक्सला त्यासाठी मोटारीत बसवलेले अवजड यंत्र न्यावे लागले होते.

नानांच्या ट्रंकेची यादी मी पूर्ण केली आहे. गिटारीच्या दोन तारा तुटल्या होत्या, त्या धोबी तलावावरून मागवून घातल्या. माझी नात ती वाजवायला शिकते आहे. मागच्या शिमग्यात पालखी वाडीवरून गेली तेव्हा ती अंगणात बसून सराव करीत होती. तिला कोणी काही विचारले नाही.