आसपेटीचे वायुवीजन

आसपेटीचे वायुवीजन : मोटारगाडीच्या चाकांना फिरविणारे आसदंड आणि डिफरन्शियल म्हणजे विभेदक दंतचक्रमाला ही ज्या बंद धातुमय आवरणात बसविलेली असतात, त्याला आसपेटी म्हणतात. कर्मशाळांत ‘हौसिंग’ हा शब्द रूढ आहे. पेटीच्या आतील हवेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका राहावा म्हणून तिच्या माथ्यावर एक लहान छिद्र ठेवतात. हे छिद्र व त्याला जोडलेली झडप किंवा नळी ह्यांना मिळून वायुवीजन व्यवस्था (व्यवहारात ‘ब्रीदर’) असे म्हणतात. पक्क्या सडकेवर धावणाऱ्या गाडीत ह्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ओढे, नद्या आणि दलदल ओलांडणाऱ्या मालमोटारींचे आयुष्य मात्र पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

तत्त्व : दंतचक्रांच्या घर्षणामुळे आसपेटीतील वंगण व हवा तापतात. पेटी पूर्णपणे बंद असेल, तर २५° से. तापमानाची हवा ८०° से.पर्यंत तापल्यावर तिचा दाब सु. १८ टक्क्यांनी वाढतो. हा वाढीव दाब आसदंडाच्या टोकाशी असलेल्या तेलरोधक कड्यांतून म्हणजे ऑइल सीलमधून वंगण बाहेर ढकलतो. ते गतिरोधकांवर पसरल्यास ब्रेक निकामी होतात. ह्यासाठीच पेटीला छिद्र ठेवणे भाग पडते.

हेच छिद्र पाण्यात घातक ठरते. तापलेली पेटी थंड प्रवाहात शिरली की, आतील हवा आकुंचन पावते. ८०° से.वरून २५° से.पर्यंत निवणाऱ्या बंद हवेचा दाब सु. १६ टक्क्यांनी घटतो. हे शोषण सु. १·६ मी. उंचीच्या जलस्तंभाच्या दाबाएवढे असते. उदा., पेटीत ५ लि. हवा असेल, तर दाब पुन्हा समतोल होण्यासाठी पाऊण लिटरहून अधिक हवा वा पाणी आत यावे लागते. छिद्राचे तोंड पाण्याखाली असल्यास सरळ पाणीच आत ओढले जाते. तोंड बंद करून टाकले, तर तेच पाणी ऑइल सीलमधून वाट काढते; कारण सीलची कड आतील वंगण अडविण्यासाठी घडविलेली असते, बाहेरील दाबाला ती तितक्या समर्थपणे तोंड देत नाही. आत गेलेले पाणी वंगणात घुसळले जाऊन दुधट पायस तयार होते, वंगणाचा पापुद्रा तुटतो आणि धारवे व दंतचक्रे गंजतात. नदी ओलांडल्यावर गाडी नेहमीप्रमाणे चालत राहते आणि काही आठवड्यांनी, बहुधा मदतीपासून दूर असताना, आस मोडतो. दोष व त्याचे कारण ह्यांत असे अंतर पडल्यामुळे ह्या लहान भागाचे महत्त्व ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला.

इतिहास : वाहनासाठी विभेदक दंतचक्रमालेची कल्पना ओनेसिफोर पेकर ह्या फ्रेंच यंत्रज्ञांनी १८२७ च्या सुमारास बाष्पचलित गाडीकरिता मांडली. प्रारंभीच्या अनेक मालमोटारींत चाके उघड्या साखळ्यांनी फिरविली जात. त्यांचा चिखल व धूळ ह्यांपासून बचाव होत नसे. पुढे दंतचक्रे व आसदंड वंगणाने भरलेल्या पेटीत बंद करण्यात आले. त्यामुळे झीज कमी झाली, परंतु कोंडलेल्या हवेचा प्रश्न उभा राहिला. त्या काळातील तेलरोधक कड्या चामड्याच्या किंवा नमद्याच्या असत व थोड्याशा दाबानेही त्यांतून तेल पाझरे. पेटीच्या माथ्यावर छिद्र पाडून त्यावर सैल टोपी बसविणे हा त्यावरील सोपा उपाय होता.

चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाड्यांमुळे ह्या प्रश्नाला वेगळे स्वरूप आले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑटो झॅको व विल्यम बेसरडिक ह्यांनी १९०८ मध्ये अशा चालनाच्या सांध्याचे एकस्व मिळविले. त्याच राज्यातील जेफरी कंपनीची ‘क्वाड’ मालमोटार १९१३ मध्ये तयार झाली. १९१६ मधील मेक्सिकोची मोहीम आणि पहिले महायुद्ध ह्यांत ह्या गाड्या वापरण्यात आल्या. जेथे पूर्वी खेचरे जात, तेथे आता मालमोटारी जाऊ लागल्या. पुढील आसही शक्तिचलित झाल्यामुळे पाण्यापासून जपावयाच्या पेट्यांची संख्याही वाढली.

दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीप गाड्या आणि जीएमसी कंपनीच्या अडीच टनी, सहा चाके चालविणाऱ्या पाच लाखांहून अधिक मालमोटारी तयार झाल्या. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर वाहने उतरविताना ती खाऱ्या पाण्यातून न्यावी लागणार होती. त्यासाठी ॲस्बेस्टस मिसळलेल्या ग्रीजसारख्या लेपद्रव्याने सांधे व विद्युत् भाग लिंपण्यात आले आणि एंजिनाच्या हवेच्या व धुराच्या नळ्या उंच करण्यात आल्या. बंद पेट्यांच्या छिद्रांच्या बाबतीत मात्र ही लिंपण्याची पद्धत तात्पुरतीच उपयोगी होती. किनारा गाठेपर्यंत छिद्र बुजविले तरी वर येताच ते उघडावे लागे; अन्यथा पेटी तापून वंगण बाहेर येई. त्यानंतर वंगणही तपासून बदलावे लागे. युद्धाच्या धामधुमीत असे प्रत्येक काम चालकाच्या स्मरणावर सोपविणे धोक्याचे होते.

छिद्र बुजविण्याऐवजी त्याचे तोंडच पाण्याच्या वर न्यावे, हा विचार युद्धोत्तर सैनिकी वाहनांत दृढ झाला. १९५० च्या सुमारास आलेल्या अमेरिकी एम-३८ जीपमध्ये विविध बंद भागांच्या वायुवीजन नळ्या एंजिनाच्या हवाशोधकाकडे नेलेल्या होत्या. १९८० नंतरच्या दशकात सेवेत आलेल्या ‘हमव्ही’ गाडीत विभेदक दंतचक्रमालांच्या पेट्याही अशा सामाईक नळीव्यवस्थेला जोडण्यात आल्या. ही गाडी विशेष साहित्यावाचून सु. ७६ सेंमी. व त्यासह सु. १·५ मी. खोल पाण्यातून जाऊ शकते. काही सैनिकी मालमोटारींत पाणी ओलांडताना बंद पेट्यांत अल्प दाबाची संपीडित हवा सोडून पाणी बाहेरच रोखतात. नागरी क्षेत्रात १९८० ते २००० ह्या काळात भरलेल्या ‘कॅमल ट्रॉफी’सारख्या जंगलमार्गी स्पर्धांमुळे उंच नेलेल्या नळ्यांचा प्रसार झाला.

रचना : जुन्या पद्धतीच्या झडपेत स्प्रिंगवरील टोपी वा गोळी असते. ती आतील हवा बाहेर सोडते, पण चिखलाने सहज अडकते. शिवाय हवा आत घेण्यास ती तितकी उपयोगी नसते. लांब नळीच्या पद्धतीत झडपेच्या जागी जोडणी बसवून तेलाला टिकणारी लवचिक नळी सांगाड्यावरून एंजिनाच्या कप्प्यात किंवा त्याहून उंच नेतात. आस खालीवर होताना नळी ताणली जाऊ नये एवढी ती सैल ठेवतात. तीत पाणी वा तेल साचेल असा झोळ राहू देत नाहीत. वरचे टोक खाली वळवून त्यावर लहान गाळणी बसवितात. रॉबर्ट गोर ह्यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या विस्तारित पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलिनाची पटलेही अलीकडे वाहनांच्या बंद भागांवर वापरली जातात. त्यांतून हवा जाते, परंतु पाणी अडते.

भारतात १९४७ पासून मुंबईत जीप गाड्यांची जुळणी सुरू झाली, तर जबलपूर येथे १९५९ पासून ‘शक्तिमान’ सैनिकी मालमोटारी तयार होऊ लागल्या. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्थेत सैनिकी वाहनांचा विकास व चाचण्या होतात. कोकणातील व घाटमाथ्यावरील फरशीपुलांवरून पावसाळ्यात पाणी वाहते, त्यामुळे ह्या प्रश्नाचे महत्त्व केवळ सैन्यापुरते नाही. तथापि उंच नेलेली नळी फक्त आसपेटीचे रक्षण करते. प्रवाहाच्या जोरापासून ती गाडीला वाचवीत नाही. तसेच नळी असली तरी सील झिजले असल्यास पाणी आत शिरू शकते. म्हणून खोल पाण्यातून आलेल्या गाडीचे वंगण दुधट झाले आहे काय, हे तपासणे आजही आवश्यक ठरते.