मेबॅक ते टोलनाका

दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक येते, आणि लोक अजूनही टाचा उंचावून बघतात. आपल्या कोल्हापुरात कार म्हणजे राजाची, नाहीतर साखर कारखान्याच्या चेअरमनची! डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू पगारदाराच्या दारातही कार दिसू लागली.

पण समज किती बदलला ते कळलं टोलमुळे. ऑक्टोबर २०१३ मध्ये शहरातल्या रस्त्यांसाठी टोलवसुली सुरू झाली. पूर्वी लोक म्हणाले असते, "गाडीवाले भरतील की, आपलं काय जातंय!" यावेळी मात्र एन. डी. पाटील, गोविंद पानसरे अशा डाव्या नेत्यांमागे अख्खं शहर उतरलं. डिसेंबर २०१५ मध्ये टोल गेला. ते बघायला पानसरे नव्हते. फेब्रुवारीतच त्यांची हत्या झाली होती.

असो. कार सगळ्यांची झाली. आता महाद्वार रोडवर ती लावायची कुठे, सांगा!