सत्तावीस सेंट आणि काबूलचा रस्ता

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात आशियाचा नकाशा लावला होता. मी मुलांना सहज विचारलं, "काबूल म्हटलं की काय आठवतं?" पहिलं उत्तर आलं, "बॉम्ब." दुसरं, "तालिबान." तेहरानबद्दल विचारलं तर तेही तसंच. वर्ग उर्दू माध्यमाचा. ज्यांच्या रोजच्या बोलण्यात फारसीचे शेकडो शब्द आहेत, त्या मुलांना हेरात, मशहद, काबूल ही गावं फक्त बातम्यांतून माहीत. मला मुलांचा राग आला नाही, स्वतःचाच आला. या शहरांतून एक रस्ता जात होता आणि अगदी साधी माणसं त्यावरून प्रवास करत होती, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी एका जोडप्याची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहिते.

टोनी व्हीलर हा इंग्लंडचा तरुण, शिक्षणानं इंजिनिअर, पुढे लंडनमध्ये व्यवस्थापन शिकलेला. मॉरीन उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची. कामाच्या शोधात विशीत ती लंडनला आली. १९७० मध्ये रीजंट्स पार्कमधल्या एका बाकावर दोघांची ओळख झाली आणि वर्षभरात लग्न झालं. फोर्ड कंपनीतली नोकरी टोनीच्या हाताशी होती, पण त्यानं ती वर्षभर पुढे ढकलली. एकदाच काय ते जग पाहून घेऊ आणि मग परत येऊन संसाराला लागू, असा दोघांचा बेत होता.

जुलै १९७२ मध्ये ते लंडनहून निघाले. ६५ पौंडांना घेतलेली एक जुनी मिनीव्हॅन होती. ती चालेल तिथवर चालवायची आणि पुढे बस, रेल्वे, बोट, जे मिळेल त्यानं जायचं. युरोप ओलांडून तुर्कस्तान, तिथून इराण, तिथून अफगाणिस्तान. काबूलमध्ये त्यांनी गाडी विकून टाकली. पुढे खैबर खिंडीतून पाकिस्तान, मग भारत, नेपाळ, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया. बालीहून एका शिडाच्या बोटीतून ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि वाटेत लोकांच्या गाड्यांना हात करत सिडनीला पोहोचले. तारीख होती २६ डिसेंबर. दोघांच्या खिशात मिळून सत्तावीस सेंट उरले होते.

सिडनीत जो तो एकच विचारू लागला : कसे आलात? किती खर्च आला? कुठे राहिलात? उत्तरं देऊन थकल्यावर त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहून काढली. शंभराच्या आत पानं असलेली ती पुस्तिका त्यांनी हातानं पानं जुळवून, पिना मारून तयार केली. १९७३ मध्ये 'अ‍ॅक्रॉस एशिया ऑन द चीप' या नावानं ती निघाली आणि पहिल्या दीड हजार प्रती थोड्याच दिवसांत संपल्या. प्रकाशनाला नाव हवं होतं. टोनी एका गाण्यातला 'लव्हली' हा शब्द कायम 'लोनली' असा ऐकत आला होता. त्या चुकीतून 'लोनली प्लॅनेट' हे नाव आलं.

त्यानंतर मोटरसायकलवरून दोघं आग्नेय आशिया फिरले, सिंगापूरच्या एका स्वस्त हॉटेलात बसून दुसरं पुस्तक लिहिलं. ते १९७५ चं. त्याच्या पिवळ्या कव्हरमुळे प्रवासी त्याला 'पिवळं बायबल' म्हणू लागले. १९८१ मध्ये भारतावरचं जाडजूड पुस्तक आलं आणि कंपनी खऱ्या अर्थानं उभी राहिली. पुढे बीबीसीनं २००७ आणि २०११ अशा दोन टप्प्यांत ती विकत घेतली. दोघांनी आपली कहाणी २००५ मध्ये एकत्र लिहिली. मॉरीननं मुलांना सोबत घेऊन प्रवास कसा करावा यावर वेगळं पुस्तक लिहिलं. आमच्याकडे बाईच्या प्रवासाचा विषय निघाला की "पोरं झाल्यावर कसला सफर?" हे वाक्य ठरलेलं असतं. म्हणून मुलींच्या वर्गात मी या पुस्तकाचा उल्लेख मुद्दाम करते.

पण मला या यशापेक्षा तो रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. व्हीलर काही पहिले नव्हते. १९५७ मध्ये 'इंडियामॅन' नावाची बस लंडनहून कलकत्त्याला आली होती, एका बाजूचं भाडं ८५ पौंड. साठच्या दशकात हिप्पी आले. इस्तंबूलमध्ये सुलतानअहमद भागात 'लाले' नावाचं एक छोटं उपाहारगृह आहे. परदेशी पोरांनी त्याचं नाव 'पुडिंग शॉप' ठेवलं. तिथल्या फळ्यावर चिठ्ठ्या लागत : दिल्लीला जाणाऱ्या गाडीत एक जागा आहे, अमुक मित्रासाठी तमुक निरोप आहे. तिथून एर्झुरुम, तब्रीझ, तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल, पेशावर, लाहोर, अमृतसर. कंदाहारच्या एका बाजूचा हमरस्ता सोव्हिएत रशियानं बांधलेला, दुसऱ्या बाजूचा अमेरिकेनं. दोन महासत्तांच्या चढाओढीतून झालेल्या त्या रस्त्यावरून लांब केसांची पोरं बसच्या टपावर बसून जात होती. भारत-पाकिस्तान युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, सिमला करार नुकताच झाला होता, आणि व्हीलर मात्र एकामागून एक सरहद्द ओलांडत गेले.

एवढा लांबचा प्रवास इतका स्वस्त कसा झाला? एक कारण सरळ आहे. पौंडाला तिकडे मोल होतं. लंडनमध्ये जे दोन दिवसांत संपलं असतं त्यात इकडे आठवडा निघत असे. पण पैसा सगळीकडे पुरत नाही. त्या सगळ्या पट्ट्यात सराई, कारवानसराई आणि मुसाफिरखान्यांची शेकडो वर्षांची सवय मुरलेली होती. आपल्याकडे जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेवरचा मुसाफिर, हाही एक आहे. तो स्वतःच्या गावी श्रीमंत असला तरी वाटेत अडला तर त्याचा हक्क आहे. चहाचा पेला पुढे करणाऱ्या हेरातच्या दुकानदारानं कुठलं पुस्तक वाचलं नसेल, पण हा संस्कार त्याच्या हाडामासात होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या पाहुण्यांपैकी सगळेच चांगले पाहुणे नव्हते. अनेक जण स्वस्त चरसासाठी आले. यजमानाच्या रीतीभातींची त्यांना फिकीर नव्हती. गोव्याच्या हणजुण्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. स्वस्त जागेचं नाव छापून आलं की ती जागा स्वस्त राहत नाही, हेही खरंच.

आणि सर्वांत मोठी गोष्ट पासपोर्टची. ब्रिटिश नागरिकाला भारतात यायला तेव्हा व्हिसासुद्धा लागत नसे. तो १९८४ मध्ये आला. उलट त्याच काळात परदेशी निघालेल्या सामान्य भारतीयाला जेमतेम आठ डॉलर सोबत नेता येत. नाशिक किंवा मिरजेतलं एखादं तरुण जोडपं जुनी गाडी घेऊन लंडनला निघालं असतं तर? हिंमत कमी पडली नसती. १९२३ मध्ये मुंबईचे पारशी तरुण सायकलींवर निघाले होते आणि त्यांतले तिघे जगाला फेरी मारून १९२८ मध्ये परतले. पण हातात आठ डॉलर घेऊन गाडी लंडनपर्यंत पोहोचत नाही. रस्ता एकच होता, पण तो दोन्ही बाजूंनी सारखा उघडा नव्हता.

तरी आमच्या घरातून एक जोडपं गेलं. माझे दादा आणि दादी त्याच दशकात मुघल लाइनच्या जहाजानं हजला गेले. दादांनी म्हैस विकली. दादीनं ट्रंकेत तांदूळ, डाळ, लोणचं, सुकट आणि एक स्टोव्ह भरला. मुंबईत साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. परत यायला काही महिने लागले. दादी अक्षरशत्रू होती, पण जेद्दाच्या वाटेवर कुणी पाणी दिलं, कुणी ट्रंक उचलली, हे ती मरेपर्यंत सांगत राहिली. बॅकपॅकिंग हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. १९९५ नंतर मुंबईहून हजची जहाजंही बंद झाली.

काबूलचा रस्ता त्याआधीच बंद झाला होता. १९७३ मध्ये अफगाणिस्तानची बादशाही गेली, १९७८ मध्ये पुन्हा उठाव झाला, १९७९ च्या सुरुवातीला इराणचा शहा देश सोडून गेला आणि वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. १९८० मध्ये इराण-इराक युद्ध. व्हीलर त्या वाटेनं गेले त्याला जेमतेम सात वर्षं झाली होती. हेरातच्या चहावाल्यानं आपलं दुकान पाहुण्यांना कंटाळून बंद केलं नव्हतं. त्याच्या रस्त्यावर रणगाडे आले. माझ्या वर्गातल्या मुलांना रणगाडे माहीत आहेत, चहावाला माहीत नाही. एखाद्या देशाची अशी अर्धीच ओळख ठेवणं हा त्या माणसांवर अन्याय आहे, आणि आपल्या नावावर, आपल्या मोहल्ल्यावर असाच अन्याय होताना आपण पाहतो तेव्हा तर तो आपण तरी करू नये.

गोष्ट संपल्यावर शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, वो औरत डरी नहीं?" मी म्हटलं, "डरी होगी. फिर भी गई." मग मुलांनी नकाशावर दोरा लावून अंतरं मोजली. मुंबईहून काबूल आणि मुंबईहून कलकत्ता, दोरा जवळजवळ सारखाच भरला. मुलांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी पुन्हा मोजला.