बेल सराई, तिचा मालक आणि एक नाव

धर्मशाळांचे शिलालेख उतरवून घेण्याचा नाद मला गेली वीसएक वर्षे आहे. मी उतरवलेल्या बहुतेक शिळांवर दात्याचे नाव आहे. वाटसरूला पाणी देणाऱ्या, रात्री दिवा लावणाऱ्या माणसाचे क्वचितच. म्हणून ज्या सराईचा चालक नावानिशी इतिहासात उरला आहे, अशी एखादी सराई मी शोधत होतो. ती सापडली इंग्लंडातल्या स्टिल्टन या खेड्यात. अर्थात माझा हा प्रवास पुस्तकांतूनच झाला.

स्टिल्टन लंडनच्या उत्तरेस सुमारे सत्तर मैलांवर, एडिंबराकडे जाणाऱ्या जुन्या ‘ग्रेट नॉर्थ रोड’वर आहे. तिथल्या ‘बेल’ सराईच्या इमारतीवर १६४२ हे साल आहे. गाड्या इथे थांबत, घोडे बदलत, प्रवासी जेवत. अठराव्या शतकाच्या मध्यास कूपर थॉर्नहिल हा तिचा मालक होता. सराईबरोबर तो धान्याचाही व्यापार करी. २९ एप्रिल १७४५ रोजी पैजेखातर तो घोडे बदलत स्टिल्टनहून लंडनला, तिथून परत आणि पुन्हा लंडनला गेला. मुदत पंधरा तासांची होती. २१३ मैलांची ही दौड त्याने १२ तास १७ मिनिटांत संपवली.

थॉर्नहिलचे दुसरे नाव चीजशी जोडलेले आहे. निळ्या शिरांचे चीज त्याने शोधून काढले आणि जगाला दिले, असे सर्रास सांगतात. हे मात्र तपासावे लागते. डॅनिएल डेफोच्या १७२४ ते १७२७ या काळात प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात स्टिल्टन चीजसाठी प्रसिद्ध असल्याची नोंद आहे. म्हणजे नाव थॉर्नहिलच्या आधीच रुळले होते. त्याने केले ते व्यापाऱ्याचे काम: माल मिळवला आणि दारात थांबणाऱ्या गाड्यांमधून दूरवर पोहोचवला. त्याला माल पुरवणारी म्हणून लेस्टरशरच्या वायमंडम गावातील फ्रान्सेस पॉलेट या बाईचे नाव घेतले जाते. प्रवाशाला मात्र ती कुठे दिसणार? त्याने चीज जिथे विकत घेतले, त्या गावाचेच नाव तो घरी घेऊन गेला.

१८५० मध्ये लंडन–पीटरबरो रेल्वे सुरू झाली. गाड्यांची वर्दळ आटली आणि ‘बेल’ला उतरती कळा लागली. पुढे विसाव्या शतकात तिची डागडुजी झाली. आज तिथे हॉटेल आहे. नावाचा हिशेब मात्र उलटा फिरला. १९९६ मध्ये युरोपीय कायद्याने हे नाव डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांतल्या चीजपुरते राखून ठेवले. स्टिल्टन या तिन्हींत येत नाही. त्यामुळे खुद्द स्टिल्टनमध्ये केलेल्या चीजला ‘स्टिल्टन’ म्हणता येत नाही. गावाला यात सामावून घ्यावे, हा अर्जही २०१३ मध्ये फेटाळला गेला.

गावकऱ्यांचा राग मला समजतो. पण कायद्याचा कौल करणाऱ्यांच्या बाजूने पडला, हेही खरे. शतकानुशतके तो विकणाऱ्याच्या बाजूने होता. सराईचा चालक शोधायला निघालो होतो, तर त्याच्याही मागे एक बाई उभी दिसली.

आता धर्मशाळेत गेलो की शिळा वाचून झाल्यावर मी शेजारच्या म्हाताऱ्या दुकानदाराजवळ बसतो आणि विचारतो: इथे वाटसरू काय विकत घेत, आणि ते कुणाच्या घरून येई?