पावसाळ्यातले यवतमाळ : जिथे नदी सरहद्द होती

आषाढ लागला की मोबाईलवर पावसाळी सहलींच्या याद्या फिरू लागतात. माळशेज, ताम्हिणी, आंबोली, लोणावळा, फार तर चिखलदरा. या याद्यांत यवतमाळचे नाव क्वचितच असते. यवतमाळ म्हटले की लोकांना मे महिन्याचे ऊन, कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. त्यात खोटे काही नाही. पण श्रावणात याच जिल्ह्यातून पुसद, उमरखेडकडे निघालात तर सागाची जंगले, टेकड्यांवरून उतरणारे ओहोळ आणि दुथडी भरलेली पैनगंगा पाहून तुम्ही गाडी थांबवाल. मी इथे जाण्याचा आग्रह करणार आहेच. पण ही ठिकाणे नुसती पाहण्याची नाहीत, समजून घेण्याचीही आहेत. इथल्या प्रत्येक धबधब्याला आणि रानाला इतिहास आहे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो कोणी सांगितलेला नाही.

सुरुवात जिल्ह्याच्या नावापासूनच करू. मूळ गावाचे नाव यवत किंवा यवते. त्याला जोडलेला 'माळ' हा शब्द पुष्कळांना माळरानातला वाटतो. जुन्या गॅझेटियरकारांनी मात्र तो 'महाल' या शब्दाचा अपभ्रंश मानला आहे. महाल म्हणजे राजवाडा नव्हे, तर महसुलाचा परगणा. हा अरबी शब्द मोगल दफ्तरातून आला आणि मराठी तोंडात बसून मऊ झाला. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड अकबराला दिला. त्याच काळात अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांची यादी आहे आणि तीत यवतमाळ 'योत-लोहारा' या जोडनावाने येते. गणपतीच्या चिंतामणी रूपासाठी प्रसिद्ध असलेले कळंब तेव्हा एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. इथला मुसलमान शासकीय इतिहास कोणा बाहेरच्या पुस्तकात शोधायला नको. एसटीच्या पाटीवर तो रोज लिहिलेला असतो.

जोडनावातले दुसरे गाव लोहारा. आज ते यवतमाळ शहराला जवळपास चिकटले आहे. अकबराच्या दफ्तरात नोंदलेले हे नाव सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा इतिहासात आले, आणि तेही पावसाळ्यातच.

१९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथे मीठ तयार करून कायदा मोडला गेला. पण यवतमाळला खाऱ्या विहिरीही नव्हत्या. इथे होते जंगल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने वऱ्हाडातली जंगले राखीव केली. इकडे काळ्या जमिनीवर कापूस वाढत गेला, तिकडे टेकड्यांवरचे रान सरकारजमा झाले. ज्या रानात गुरे चरत, जिथून गवत आणि सरपण येई, तिथे जायला परवाना आणि पैसे लागू लागले. मिठाच्या कायद्यापेक्षा इथल्या माणसाला हा कायदा अधिक बोचत होता. म्हणून वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी जंगल सत्याग्रह ठरवला. वणीत जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्याची सुरुवात केली. त्याच महिन्यात डॉ. केशव हेडगेवार यांनी लोहाऱ्याच्या जंगलात कायदा मोडला आणि त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवले गेले.

जुलैच का, याचे उत्तर त्या रस्त्याने पावसाळ्यात गेल्यावरच नीट कळते. गवत पावसानंतरच येते. गवताला ऋतू आहे. पुसदच्या आसपास आज ज्या हिरव्या उतारांचे आपण फोटो काढतो, त्यावरचे गवत विळ्याने कापणे हा एकेकाळी तुरुंगात धाडणारा गुन्हा होता. एवढे ठाऊक असले की तोच उतार वेगळा दिसतो.

गवत कोणाचे आणि रान कोणाचे, हा प्रश्न मात्र १९३० मध्ये संपला नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे. सागाचे रान, नाले आणि त्यात वाघ. पावसाळ्यात आतली भ्रमंती बंद असते, त्यामुळे पावसाळी सहलीत ते बाहेरूनच पाहावे लागते. या अभयारण्याच्या आतली टिपेश्वर आणि मारेगाव ही गावे बाहेर वसवली गेली. आसपासच्या गावांत कोलाम, गोंड, बंजारा माणसे राहतात. वाघ वाढले याचा आनंद आहे आणि तो खराही आहे. पण शेतात राखण करणाऱ्याची रात्र कशी जाते, हेही तिथल्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटे बसून विचारावे. जंगल राखणे आणि माणूस राखणे यांत आपण एकाचीच बाजू घ्यायची असे कोणी ठरवून दिलेले नाही.

याच टिपेश्वरातला एक तरुण वाघ २०१९ च्या पावसाळ्यात चालायला लागला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणात गेला, परत आला, पैनगंगेच्या खोऱ्यातून मराठवाडा आणि पुन्हा वऱ्हाड करत तो त्याच वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल. त्याने ओलांडलेल्या जागांत एक जुनी सरहद्दही होती. वाघाला तिची खबर नव्हती. आपल्या आजोबा-पणजोबांना मात्र चांगली होती.

ती सरहद्द म्हणजे पैनगंगा. बुलढाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी यवतमाळच्या दक्षिण कडेने वाहत वर्ध्येला मिळते. १८५३ पर्यंत तिच्या दोन्ही काठांवर हैदराबादच्या निजामाचे राज्य होते. त्या वर्षी कंपनी सरकारने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. उत्तर काठावर इंग्रज, दक्षिण काठावर निजाम. इकडे एक कायदा, तिकडे दुसरा. इकडची कचेरी इंग्रजी-मराठीत, तिकडची उर्दूत.

तरी कागदावर वऱ्हाड निजामाचाच राहिला. १९३६ मध्ये इंग्रजांनी निजामाला 'हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम' हा किताब मान्य केला आणि त्याचा थोरला मुलगा आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. या आझम जाहची बेगम दुर्रुशहवार म्हणजे शेवटचे उस्मानी खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांची मुलगी. इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेल्या शहजादीच्या किताबात आपल्या पुसद-उमरखेडच्या वऱ्हाडचे नाव होते! इथल्या शेतकऱ्याला याचा काही पत्ता असण्याचे कारण नव्हते. किताब हैदराबादला आणि शेतसारा इंग्रजाला, अशी ती वाटणी होती.

आता सहस्रकुंडला चला. उमरखेड तालुक्यात पैनगंगा काळ्या कातळावरून खाली झेप घेते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी भरपूर असले की कातळ दिसत नाही, नुसता मातकट पांढरा लोंढा दिसतो आणि बोलणे ऐकू येत नाही. एका काठावर यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठावर नांदेड जिल्ह्यातले इस्लापूर. काठावर महादेवाचे देऊळ आहे. दोन्हीकडून माणसे येतात आणि समोरासमोर उभी राहून एकमेकांचे फोटो काढतात. जवळजवळ ९५ वर्षे हा धबधबा दोन राजवटींच्या मध्ये कोसळत होता, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

१९४७-४८ मध्ये या सरहद्दीला धार आली. हैदराबाद संस्थानात रझाकारांचा उच्छाद होता. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीच्या अलीकडे, उमरखेडच्या बाजूला, आपले कॅम्प थाटले होते. गावे सोडून माणसे वऱ्हाडात येत होती. रझाकारांना मुसलमानांतूनही विरोध होता. 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि योग्यच करतो.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले त्याचे नाव फारसे निघत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने संस्थानात फिरून अहवाल दिला. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर नांदेडही मोजला. अनेक दशके तो अहवाल लोकांसमोर आला नाही. आमच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायका जन्मसाल सांगताना आकडा सांगत नसत. 'पुलिस ॲक्शनच्या आधीचा', 'पुलिस ॲक्शननंतरची' असे सांगत. त्यापुढे त्या काही बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

हे मी रझाकारांवर पांघरूण घालायला लिहीत नाही. ज्या माणसाने रझाकारांच्या भीतीने नदी ओलांडली आणि ज्या माणसाने नंतर बदल्याच्या भीतीने गाव सोडले, ती दोघेही इथलीच, मराठी रानातली माणसे होती. दोघांपैकी एकाचेच दुःख सांगितले की इतिहास अर्धा राहतो. अर्ध्या इतिहासावर पोसलेली पोरे मग शेजाऱ्याच्या पोराला निजामाची अवलाद म्हणतात.

धनोड्याचा पूल ओलांडून माहूरला गेलात तर जिल्हा बदलतो, पण खोरे तेच राहते. ढग किल्ल्यावर उतरलेले असतात. रेणुकामाता, दत्तशिखर, सोनापीर दर्गा, सगळे एकाच डोंगराळ परिसरात. १४८० च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावानने वऱ्हाडचे दोन भाग केले तेव्हा एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर झाले. माहूरवर खुदावंद खान हा हबशी सरदार होता. पुढे माहूरचे देशमुख मोगलांच्या चाकरीत गेले. त्याच घराण्यातली सावित्रीबाई 'रायबागन' या किताबाने ओळखली जाते. १६६१ मध्ये उंबरखिंडीत ती शिवाजी महाराजांच्या विरुद्ध मोगल फौजेत होती. त्या काळात बाजू धर्मावरून ठरत नव्हत्या, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

माहूर तालुक्यातच वझरा शेख फरीद नावाचे गाव आहे आणि त्याच नावाचा धबधबा. बाबा फरीदुद्दीन गंजशकर यांची मजार पाकिस्तानात पाकपट्टनला आहे. पण त्यांच्या नावाची ठिकाणे आपल्याकडेही आहेत. वर्धा जिल्ह्यातले गिरड हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. सूफींनी जागा निवडल्या त्या पाण्याच्या, सावलीच्या आणि वाटसरूच्या. वझऱ्याला पावसाळ्यात भाविक येतात, सहलीची पोरे येतात, आणि कोण कशासाठी आले हे कोणी विचारत नाही.

या खोऱ्याचे पुढे काय? वर इसापूरचे धरण आहे, त्याचे पाणी मराठवाड्यातल्या शेतांना जाते. खाली निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडिताला काठच्या गावांचा विरोध आहे. ज्यांना पाणी हवे आणि ज्यांचे गाव बुडणार, दोघांचेही ऐकून घेतल्याशिवाय या नदीचे सौंदर्य पुरते पाहिले असे म्हणता येणार नाही.

जायचे असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जा. सहस्रकुंडच्या कातळावर शेवाळ असते आणि पाणी वरच्या पावसाने अचानक वाढते. सेल्फीसाठी काठाकडे सरकू नका. मुलांचा हात सोडू नका. डबा घरून न्या, कचरा परत आणा. आणि पलीकडच्या काठावर उभे असलेल्यांना हात दाखवा. ९५ वर्षे तो काठ परक्या राजवटीत होता. आज तिथे फक्त दुसऱ्या जिल्ह्याची पाटी आहे.